जपानचा इतिहास आणि संस्कृती : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पुण्यात जपानी भाषा शिकवते. व्याकरणाच्या शंका वर्गातच सुटतात, पण वर्ग संपल्यावर दारात उभं राहून विचारलेले प्रश्न बहुतेक वेळा इतिहासाचे आणि रीतिरिवाजांचे असतात. तेच प्रश्न जपानला जायला निघालेले शेजारी विचारतात आणि अॅनिमे पाहणारी भाचरंही विचारतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. जपानबद्दल काहीही ऐकलं की मी आधी एकच विचारते: हे कधीपासून? अतिप्राचीन वाटणाऱ्या काही गोष्टी शंभर-सव्वाशे वर्षांच्या निघतात, तर कालच्या वाटणाऱ्या काही हजार वर्षं जुन्या असतात. खालच्या बऱ्याच उत्तरांत हा प्रश्न पुन्हा येईल.

कालखंडांची नावं फार आहेत. लक्षात कशी ठेवायची?

सगळी पाठ करू नका. सत्तेचं ठाणं कुठे होतं, एवढं धरून ठेवा. ७१० पासून नारा, ७९४ पासून हेइआन म्हणजे आजचं क्योतो. बाराव्या शतकाच्या अखेरीस योद्ध्यांची पहिली राजवट कामाकुराला आली, चौदाव्या शतकात सत्ता पुन्हा क्योतोत गेली, आणि मग शंभरेक वर्षं नुसती यादवी. १६०० ची सेकिगाहाराची लढाई जिंकून तोकुगावा इएयासु १६०३ मध्ये शोगुन, म्हणजे लष्करी सत्ताधीश, झाला आणि त्याने एदोतून कारभार सुरू केला. हे एदो म्हणजेच टोकियो. नाव बदललं १८६८ मध्ये. त्याच वर्षी शोगुनांची राजवट संपून सम्राट मेइजीच्या नावाचा मेइजी काळ सुरू झाला. या सगळ्याच्या मागे हजारो वर्षांचा जोमोन काळ आहे. दोरीचे ठसे उमटवलेल्या मातीच्या भांड्यांवरून त्याला ते नाव पडलं. ती भांडी संग्रहालयात दिसली तर पटकन पुढे जाऊ नका. जगातल्या सर्वांत जुन्या मातीच्या भांड्यांत त्यांची गणना होते.

इसेचं देऊळ दर वीस वर्षांनी नवं बांधतात. मग ते प्राचीन कसं?

माझा सर्वांत आवडता प्रश्न. इसे इथे सूर्यदेवी आमातेरासुचं देवस्थान आहे. मुख्य मंदिराशेजारी तेवढ्याच मापाची एक जागा मोकळी ठेवलेली असते. दर वीस वर्षांनी त्या मोकळ्या जागेवर हिनोकी लाकडाचं हुबेहूब तसंच मंदिर उभारतात, देवीला रात्री मिरवत नव्या घरात नेतात आणि जुनं मंदिर उतरवतात. पहिला सोहळा इसवी सन ६९० मध्ये झाला. यादवीच्या काळात त्यात शंभराहून अधिक वर्षांचा खंडही पडला. बासष्टावा सोहळा २०१३ मध्ये झाला, पुढचा २०३३ मध्ये आहे आणि त्याचे विधी २०२५ पासूनच सुरू झाले आहेत.

नुसती इमारत नवी होत नाही. देवीची वस्त्रं, तलवारी, आरसे, विणकामाची साधनं अशा ७१४ प्रकारच्या १५७६ वस्तू नव्याने घडवतात. वीसच वर्षं का, याची बरीच स्पष्टीकरणं दिली जातात. मला पटतं ते कारागिरांचं: विशीत शिकाऊ म्हणून आलेला सुतार चाळिशीत मुख्य काम करतो आणि साठीत पुढच्या पोरांना शिकवतो. म्हणजे लाकूड दहा-वीस वर्षांचं आणि हात तेराशे वर्षांचा. उतरवलेलं लाकूडही वाया जात नाही. मुख्य खांबांपासून उजी पुलाच्या दोन टोकांच्या तोरी, म्हणजे पवित्र कमानी, करतात. बाकीचं लाकूड देशभरातल्या देवळांना जातं.

हे समजलं की जपानमधल्या कुठल्याही वास्तूपुढे उभं राहून नेमका प्रश्न विचारता येतो. क्योतोचं सोनेरी देऊळ १९५० मध्ये एका तरुण भिक्षूने लावलेल्या आगीत जळालं. आज दिसतं ते १९५५ मधलं. ओसाकाच्या किल्ल्याचा मनोरा १९३१ मधला आणि काँक्रीटचा. हिमेजीचा किल्ला मात्र १६०९ चा, मूळ लाकडाचा.

सम्राट असताना शोगुन कशाला?

मराठी वाचकाला हे समजायला जड जाऊ नये. साताऱ्याला छत्रपती आणि पुण्यात पेशवे ही रचना आपण शाळेत शिकलो आहोत. शोगुन ही सम्राटाने दिलेली लष्करी पदवी; राज्य चालवायचा तो शोगुन आणि मान सम्राटाचा. साम्य इथवरच. जपानी सम्राटाला सूर्यदेवीचा वंशज मानत, म्हणून त्याला हटवून गादीवर बसण्याची गरज कुठल्याच शोगुनला वाटली नाही. परंपरेच्या गणनेप्रमाणे आजचे सम्राट नारुहितो १२६ वे. या यादीतली सुरुवातीची नावं दंतकथेतली आहेत. ३ मे १९४७ पासून लागू झालेल्या राज्यघटनेत सम्राट राष्ट्राचं आणि जनतेच्या एकतेचं प्रतीक आहे. राज्यकारभाराचा कुठलाही अधिकार त्याच्याकडे नाही.

सामुराई खरंच सिनेमात दाखवतात तसे होते का?

कुठल्या शतकातले, त्यावर उत्तर ठरेल. ‘सामुराई’ हा शब्द ‘सेवेत हजर असणे’ या अर्थाच्या क्रियापदापासून आला आहे, म्हणजे मुळात हुजऱ्या. पुढे सरदारांच्या पदरी लढणारे ते सामुराई झाले. तेराव्या शतकात मंगोलांशी लढलेला सामुराई हा आधी घोड्यावरचा धनुर्धारी होता, तलवार नंतरची. सोळाव्या शतकातल्या मोठ्या लढायांत बंदुका आहेत. पोर्तुगीज बंदुका १५४३ मध्ये तानेगाशिमा बेटावर आल्या आणि काही वर्षांतच जपानी लोहार त्या स्वतः बनवू लागले.

एदो काळात अडीचशे वर्षं जवळजवळ शांतता होती. लोकसंख्येच्या पाच-सहा टक्के असलेला हा वर्ग त्या काळात कारकून, तपासनीस, कोठारांचे अधिकारी झाला. पगार तांदळात मिळे आणि तो ‘कोकु’ या मापात मोजत. एक कोकु म्हणजे साधारण एका माणसाला वर्षभर पुरेल एवढा तांदूळ. खालच्या दर्जाचे कित्येक सामुराई कर्जबाजारी होते आणि घरी छत्र्या बनवणं, कंदिलांना कागद लावणं अशी कामं करत. कमरेला दोन तलवारी मात्र असायच्याच. १८७६ मध्ये सरकारने तलवार बाळगण्यावर बंदी घातली, तनखे रोख्यांत बदलले. पुढच्याच वर्षी साइगो ताकामोरी या सामुराई नेत्याच्या नेतृत्वाखाली दक्षिणेतल्या सात्सुमा प्रांतात बंड झालं आणि सक्तीच्या लष्करभरतीतून उभ्या राहिलेल्या नव्या सैन्याने ते मोडलं.

‘बुशिदो’ म्हणजे सामुराईंची आचारसंहिता. हा शब्द जुना आहे, पण तो जगभर माहीत झाला तो १९०० च्या सुमारास नितोबे इनाझो यांनी अमेरिकेत राहून इंग्रजीत लिहिल्यावर. नितोबे सामुराई घराण्यातले, पण जन्म १८६२ चा. म्हणजे कळत्या वयात त्यांनी पाहिलं ते सामुराईंचं राज्य संपल्यानंतरचं जपान. त्यांनी पाश्चात्त्य वाचकाला समजेल असं एक सुंदर चित्र रंगवलं. बाराव्या शतकातला योद्धा त्यात सापडायचा नाही.

जपान अडीचशे वर्षं जगापासून बंद होता, हे खरं?

अर्धवट खरं. पोर्तुगीजांना १६३९ मध्ये हाकललं, जपानी माणसाला परदेशी जायला बंदी झाली, ख्रिस्ती धर्मावर कडक बंदी होती. पण नागासाकीत चिनी व्यापारी होते आणि १६४१ पासून देजिमा या पंख्याच्या आकाराच्या कृत्रिम बेटावर डच होते. त्सुशिमामार्गे कोरियाशी, सात्सुमामार्गे र्‍युक्यु बेटांशी आणि उत्तरेला मात्सुमाएमार्गे आइनु लोकांशी व्यवहार चालू होता. चार खिडक्या उघड्या होत्या आणि प्रत्येकीवर पहारा. गंमत म्हणजे ‘साकोकु’, म्हणजे साखळदंडांनी बंद केलेला देश, हा शब्दच १८०१ मधला आहे, आणि तोही एका युरोपियन लेखनाच्या भाषांतरात घडवलेला.

डच जहाजांतून भारतातलं छापील सुती कापड जाई. त्याला जपानीत ‘सारासा’ म्हणत. त्याचे तुकडे इतके मौल्यवान की चहा-समारंभातली भांडी ठेवायच्या पिशव्या त्यातून शिवत. लोहयुक्त लाल रंगाला ‘बेंगारा’ म्हणतात, तो शब्द बंगालवरून.

गोव्याचा आणि जपानचा संबंध काय?

हा इतिहास आपल्याकडे फारसा सांगितला जात नाही, म्हणून थोडं सविस्तर. कागोशिमाचा आंजिरो नावाचा माणूस हातून खून झाल्यावर पोर्तुगीज जहाजातून पळाला. १५४७ मध्ये मलाक्का इथे त्याची फ्रान्सिस झेवियरशी गाठ पडली. तिथून तो गोव्याला आला, सेंट पॉल महाविद्यालयात शिकला आणि १५४८ मध्ये गोव्यातच त्याचा बाप्तिस्मा झाला. १५४९ च्या एप्रिलमध्ये झेवियर त्याला घेऊन गोव्याहून निघाला आणि १५ ऑगस्टला कागोशिमाला उतरला. गोव्याच्या बाँ जेझू बासिलिकात ज्याच्या अवशेषांच्या दर्शनाला लोक जातात, तोच हा झेवियर.

पुढचा भाग मला विलक्षण वाटतो. जपानीत ‘देव’ कसं म्हणायचं? आंजिरोने सुचवलं ‘दाइनिची’, म्हणजे महावैरोचन बुद्ध. झेवियर रस्त्यारस्त्यांत ‘दाइनिचीला भजा’ असं सांगू लागला. हे लोक आले होते भारतातून, म्हणजे बुद्धाच्या ‘तेनजिकु’ देशातून. साहजिकच बऱ्याच जपानी लोकांना वाटलं की बौद्ध धर्माचाच एखादा नवा पंथ आला आहे. यामागुचीच्या सरदाराने या पाद्र्यांना दिलेल्या सनदेत ते बुद्धाचा धर्म सांगायला आले आहेत, असंच लिहिलं आहे. चूक लक्षात आल्यावर झेवियरने ‘देउस’ हा लॅटिन शब्दच वापरायला सुरुवात केली.

१५८२ मध्ये चार जपानी किशोर नागासाकीहून रोमला निघाले, ते जाता-येता गोव्यात राहिले आणि १५९० मध्ये छापखान्याचं यंत्र घेऊन घरी परतले. रोजच्या जेवणात उरलेली खूणही सांगते. आपण ‘पाव’ म्हणतो आणि जपानी लोक ‘पान’; दोन्ही शब्द पोर्तुगीजांनी दिलेले, एकच.

जपानी लोकांचा धर्म नेमका कोणता?

शिंतो, म्हणजे जपानच्या मूळ देवधर्माची, देवस्थानं आणि बौद्ध विहार आपापल्या अनुयायांचा आकडा सरकारला कळवतात. त्यांची बेरीज वर्षानुवर्षं देशाच्या लोकसंख्येपेक्षा जास्त भरत आली आहे, कारण एकाच घराची नोंद दोन्हीकडे असते. आणि ‘तुमचा धर्म कोणता’ असं विचारलं तर तोच माणूस ‘कोणताच नाही’ म्हणतो. यात त्याला विसंगती वाटत नाही. बाळाला शिंतो देवळात नेतात, अंत्यविधी बौद्ध भिक्षू करतो. ऑगस्टच्या मध्याला ओबोन असतं, तेव्हा पितर घरी येतात अशी श्रद्धा आहे; पितृपंधरवडा पाळणाऱ्या घरातल्या माणसाला त्यात अनोळखी काही वाटणार नाही.

आता कधीपासून? बौद्ध धर्म सहाव्या शतकात कोरियातल्या बेक्जे राज्यातून आला. त्यानंतर हजारभर वर्षं देव आणि बुद्ध एकाच आवारात नांदत होते. त्यांना सक्तीने वेगळं केलं ते मेइजी सरकारने १८६८ मध्ये, आणि त्या लाटेत असंख्य मूर्ती, ग्रंथ, विहार नष्ट झाले. ‘पारंपरिक’ शिंतो विवाहविधीचं आजचं रूप तर १९०० मधल्या युवराजांच्या लग्नानंतर रूढ झालं.

आपल्या देवता तिथे आहेत म्हणतात, ते कसं?

आहेत, पण बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गे गेलेल्या. सरस्वती तिथे बेनझाइतेन झाली. हातात बिवा नावाचं तंतुवाद्य आणि देऊळ बहुधा पाण्याकाठी. टोकियोत उएनोच्या तळ्यात आहे तसं. महाकाल झाला दाइकोकुतेन, खांद्यावर पोतं घेतलेला हसरा धनदाता. यम झाला एन्मा. गणपती कांगितेन या नावाने आहे. आलिंगन दिलेल्या दोन गजमुखी आकृतींची ही मूर्ती बहुतेक ठिकाणी दाखवत नाहीत. टोकियोत आसाकुसाजवळ मात्सुचियामा शोदेन इथे त्याला मोदकांऐवजी पांढरा मुळा वाहतात.

शब्दही गेले. ‘गोमा’ म्हणजे होम, आणि तो कोयासान या डोंगरावरच्या बौद्ध पंथात आजही होतो. ‘नाराकु’ म्हणजे नरक, आणि रंगमंचाखालच्या तळघरालाही तेच म्हणतात. ‘झेन’ हा शब्द ‘ध्यान’चा चिनीमार्गे झालेला अवतार. ‘दान’वरून आलेल्या ‘दान्ना’चा अर्थ आधी दाता, मग धनी आणि शेवटी नवरा.

वर्गात पहिल्या दिवशी मी जपानी अक्षरमाला म्हणून दाखवते: आ इ उ ए ओ, मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. मुलं लगेच हसतात, कारण ही आपलीच बाराखडी आहे. हा क्रम संस्कृत वर्णमालेच्या अभ्यासातून ठरला. ‘हा’ हा ‘मा’च्या आधी, प-वर्गाच्या जागी का बसला? कारण जुन्या जपानीत त्याचा उच्चार ‘पा’ होता. क्योतोतल्या एखाद्या दफनभूमीत कबरींमागच्या उंच लाकडी फळ्या पाहा. त्यांना ‘सोतोबा’ म्हणतात, स्तूपावरून. त्यांवर बऱ्याचदा सिद्धम या जुन्या भारतीय लिपीतली बीजाक्षरं असतात. देवनागरी येणाऱ्याला ती ओळखीची वाटतात, वाचता मात्र येत नाहीत.

जपानमध्ये जातिभेद आहे का?

हा प्रश्न विचारणारा सहसा दबक्या आवाजात विचारतो. मी स्पष्ट उत्तर देते: जन्मावरून बहिष्कार होता आणि त्याचे व्रण आजही आहेत. एदो काळात कातडी कमावणारे, मेलेली जनावरं ओढणारे, फाशीच्या जागी काम करणारे लोक ‘केगारे’ म्हणजे विटाळामुळे समाजाबाहेर ठेवलेले होते. त्यांच्या वस्त्या वेगळ्या, पोशाखावर बंधनं. १८७१ मध्ये हुकूम काढून ही वर्गवारी कागदावर रद्द झाली, पण वस्त्या तिथेच राहिल्या. त्यांना बुराकु म्हणतात.

दिसण्यात, भाषेत कसलाही फरक नाही, म्हणून भेदभाव पत्त्यावरून होऊ लागला. लग्नाआधी गुप्तहेराकडून मूळ गाव शोधून काढायचं, नोकरीआधी कुटुंबनोंद तपासायची. बुराकु वस्त्यांच्या पत्त्यांची यादी कंपन्यांना चोरून विकली जात होती, हे १९७५ मध्ये उघड झालं. याविरुद्धची लढाईही मोठी आहे. ३ मार्च १९२२ रोजी क्योतोत या लोकांनी ‘सुइहेइशा’ म्हणजे समतल समाज ही संघटना स्थापन केली. महाडच्या सत्याग्रहाच्या पाच वर्षं आधी. बुराकु भेदभाव संपवण्यासाठीचा कायदा २०१६ मध्ये झाला, म्हणजे प्रश्न अजून मिटलेला नाही हे सरकारनेच मान्य केलं.

कोयासान विद्यापीठात २०१५ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा बसला. महाराष्ट्राचे मुख्यमंत्री त्याच्या अनावरणाला गेले होते. आणि जपानमध्ये जन्मलेले भदंत सुरेई ससाई अनेक दशकं नागपुरात, दीक्षाभूमीशी जोडलेले राहिले आहेत.

सगळे जपानी एकाच वंशाचे, एकाच भाषेचे ना?

नाही. उत्तरेचं होक्काइदो बेट ही आइनु लोकांची मूळ भूमी. बेटाला आजचं नाव १८६९ मध्ये मिळालं. आइनुंना ‘मूळ निवासी’ अशी मान्यता देणारा कायदा व्हायला २०१९ उजाडलं. ओकिनावा हे र्‍युक्यु नावाचं वेगळं राज्य होतं, १८७९ मध्ये ते जपानात विलीन केलं. तिथल्या भाषा जपानीच्या नात्यातल्या आहेत, पण टोकियोच्या माणसाला त्या समजत नाहीत. कराते हा त्याच बेटांचा वारसा.

गेइशा म्हणजे वेश्या का?

नाही, आणि हा गैरसमज आता सोडायला हवा. ‘गेइ’ म्हणजे कला. नृत्य, शामिसेन हे तंतुवाद्य, संभाषण आणि आदरातिथ्य हा त्यांचा व्यवसाय. सुरुवातीचे गेइशा तर पुरुष होते. स्त्रिया अठराव्या शतकात आल्या. क्योतोत शिकाऊ मुलींना माइको म्हणतात. गिओनच्या खासगी गल्ल्यांत त्यांच्यामागे कॅमेरे घेऊन धावणाऱ्या पर्यटकांमुळे रहिवाशांनी २०१९ मध्ये दहा हजार येनच्या दंडाच्या पाट्या लावल्या. दुरून पाहा, वाट अडवू नका.

किमोनो भाड्याने घेऊन घातला तर कोणाला राग येईल का?

मुळीच नाही, उलट दुकानातल्या बायका हौसेने नेसवतात. एकच लक्षात ठेवा: डावा पदर वर, उजवा खाली. उलटं फक्त मृताला नेसवतात. डावा वर हा नियम ७१९ मधल्या राजाज्ञेपासूनचा.

सुशी प्राचीन पदार्थ आहे का? आणि शाकाहारी माणसाने खायचं काय?

मूळ सुशी म्हणजे भातात महिनोन्‌महिने आंबवलेला मासा. बिवा सरोवराकाठी फुनाझुशी अजून मिळते, वास उग्र. भाताच्या मुटक्यावर माशाचा काप ही एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीची, एदोच्या रस्त्यावर उभ्याउभ्या खायची वस्तू. सॅमन त्यावर आला १९८० नंतर, नॉर्वेने आपला मासा जपानला विकायचे प्रयत्न केल्यावर.

मांसाहाराचा इतिहास उलटा आहे. ६७५ मध्ये सम्राट तेन्मुने गाय-बैल, घोडा, कुत्रा, माकड आणि कोंबडी खाण्यावर बंधन घातलं. मासे चालत, शिकारही पूर्ण थांबली नाही, पण गोमांस उघडपणे खाणं प्रतिष्ठेचं झालं ते १८७२ मध्ये सम्राट मेइजीने खाल्ल्यावर.

शाकाहाऱ्यांसाठी खरी अडचण मांसाची नसून ‘दाशी’ची आहे. भाजी, सार, नूडल, सगळ्याचं मूळ पाणी बहुधा वाळवलेल्या बोनितो माशाचं असतं. ‘मांस नको’ म्हटलं तरी ते येणार. ‘कात्सुओ-दाशी नको, कोंबु-दाशी चालेल’ असं लिहून जवळ ठेवा. कोंबु ही समुद्री वनस्पती आहे. कोयासानच्या विहारात राहिलात तर शोजिन र्‍योरी मिळतं, भिक्षूंचं निव्वळ शाकाहारी जेवण. कांदा-लसूणही नसतो. तिळाचं ‘तोफू’ नक्की खा.

चहाच्या समारंभात इतकं काय आहे?

भिक्षू एइसाइने ११९१ मध्ये चीनहून चहाची आणि झेनची परंपरा आणली. चहाच्या समारंभाला आजचं रूप दिलं ते सेन नो रिक्यूने (१५२२ ते १५९१). त्याच्या खोलीत शिरायचं दार जेमतेम सव्वादोन फूट उंच. सरदार असो की व्यापारी, गुडघ्यांवर वाकूनच आत यायचं, तलवार बाहेर ठेवायची. क्योतोजवळ यामाझाकी इथे त्याची मानली जाणारी खोली आहे, दोन तातामी चटयांएवढी. त्याच रिक्यूला सत्ताधीश हिदेयोशीने पोट फाडून मरायचा हुकूम दिला. कारणांबद्दल इतिहासकारांत एकमत नाही.

दुसऱ्या महायुद्धाबद्दल जपानी माणसाशी बोलावं का?

आधी स्वतः वाचा, मग ऐका. आपल्याकडे जपानची आठवण नेताजींच्या आणि आझाद हिंद सेनेच्या बाजूने येते, म्हणून एक बाजू झाकली जाते. १९१० ते १९४५ कोरिया जपानची वसाहत होती. १९३७ मध्ये चीनमधल्या नानजिंगमध्ये जपानी सैन्याने कत्तल केली. १९४२ ते १९४५ अंदमान जपानच्या ताब्यात होतं आणि तिथे हेरगिरीच्या खोट्या आरोपांवरून भारतीयांचा छळ झाला. १९४४ मध्ये हंफ्रीगंजला कित्येकांना गोळ्या घातल्या. जपानी नेत्यांवर युद्धगुन्ह्यांसाठी चाललेल्या टोकियो खटल्यातले न्यायमूर्ती राधाबिनोद पाल यांनी आपल्या वेगळ्या निकालपत्रात आरोपींना निर्दोष ठरवलं म्हणून त्यांचं नाव जपानमध्ये मानाने घेतात. पण सैन्याने केलेल्या अत्याचारांचा पुरावा प्रचंड आहे, हेही त्यांनीच लिहिलं, आणि हा भाग सोयीने गाळला जातो.

हिरोशिमाला गेलात तर संग्रहालयाला अर्धा दिवस द्या. त्या दिवशी दुसरं काही ठरवू नका.

अर्जावर ‘रेइवा ८’ असं साल असतं. ते कसं काढायचं?

इसवी सनातून २०१८ वजा करा. रेइवा सन १ मे २०१९ ला, नारुहितो गादीवर आले तेव्हा सुरू झाला. एका सम्राटाचा एकच सन हा नियम १८६८ पासूनचा. त्याआधी भूकंप, साथ, शुभशकुन अशा निमित्तानेही सन बदलत. शिवराज्याभिषेकापासूनचा राजशक माहीत असलेल्यांना ही कल्पना नवी नाही.

मराठी माणसाला जपानी अवघड जातं का?

कांजी, म्हणजे चिनी अक्षरं, सगळ्यांनाच अवघड. रोजच्या वापरासाठी सरकारने ठरवलेली यादी २१३६ अक्षरांची आहे. बाकी बरंच सोपं. क्रियापद शेवटी, ‘मध्ये, वर, पासून’ हे नामाच्या नंतर. ‘त्सुनामी’तला ‘त्सु’ बाहेरच्यांना छळतो. तुम्ही ‘चूल’ म्हणता तेव्हा तोच उच्चार करता. वाक्याच्या शेवटी ‘ने’ लावलं की आपलं ‘ना’ झालं: ‘सामुइ देस ने’, थंडी आहे ना.

सुरुवात कुठून करू?

जाणं शक्य नसेल तर पुण्यात सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान पाहा. ओकायामाच्या कोराकुएन बागेवरून ते रचलं आहे. मूळ बाग १७०० मध्ये पूर्ण झाली.

जाणार असाल तर टोकियोआधी नाराजवळच्या होर्‍युजी विहारात जा. तिथल्या इमारती जगातल्या उभ्या असलेल्या सर्वांत जुन्या लाकडी इमारती मानल्या जातात. मुख्य सभागृहाच्या भिंतींवर सातव्या-आठव्या शतकाच्या संधिकाळातली चित्रं होती. त्यातला बोधिसत्त्व पाहिला की अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातला पद्मपाणी आठवतो; ही शैली मध्य आशिया आणि चीनमधून तिथवर पोचली. आराइ काम्पो हे चित्रकार १९१६ मध्ये रवींद्रनाथांच्या निमंत्रणावरून भारतात आले आणि त्यांनी अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला केल्या. पुढे १९४० पासून होर्‍युजीच्या चित्रांच्या नकला करणाऱ्यांतही ते होते. १९४५ मध्ये ते वारले. काम चालूच राहिलं, आणि ते सुरू असतानाच २६ जानेवारी १९४९ रोजी सभागृहाला आग लागून मूळ चित्रं जळाली. त्या धक्क्यातून १९५० चा सांस्कृतिक वारसा संरक्षण कायदा झाला. आपण २६ जानेवारीला झेंडावंदन करतो, त्या दिवशी जपानभर देवळांत आणि विहारांत आग विझवण्याचा सराव असतो, कौलांवर पाण्याचे फवारे उडतात.

आता भिंतींवर दिसतात त्या नंतरच्या नकला. करपलेल्या मूळ भिंती आवारातल्याच एका कोठारात जपून ठेवल्या आहेत. नारा स्टेशनहून होर्‍युजी स्टेशन रेल्वेने बारा मिनिटांवर आहे, तिथून वीस मिनिटं चालत. सकाळी लवकर गेलात तर सभागृहात तुमच्याशिवाय फारसं कोणी नसेल. आत अंधार असतो, डोळे सरावेपर्यंत थांबा.